एका ट्रान्झिस्टरची दोन मॉडेलं

मी कधी चुकत नाही, असं माझं म्हणणं नाही. चुकले तर कुठे चुकले ते इतरांच्या आधी मला सापडतं, एवढंच मी म्हणते. तेवढ्यावरूनही घरात मला शिष्ट ठरवतात, त्याला माझा इलाज नाही.

त्या सकाळी संगणकाच्या पडद्यावर दोन रेघा होत्या. लाल माझी, निळी माझ्या नणंदेची. व्हीलचेअर लांब चढावर चालली की तिच्या कंट्रोलरमधला ट्रान्झिस्टर कसा तापत जाईल, ते दोन्ही रेघा सांगत होत्या, आणि दोन्ही वेगवेगळं सांगत होत्या. निळी रेघ थोडी चढून शहाण्या मुलीसारखी आडवी झाली होती. लाल रेघ चढतच गेली होती आणि वरच्या तुटक रेषेला जाऊन टेकली होती. तापमान तिथवर गेलं की कंट्रोलर स्वतःला बंद करून घेतो.

"तुझं मॉडेल उगाच घाबरट आहे, वहिनी," छकू म्हणाली.

"आणि तुझं लाडावलेलं," मी म्हणाले.

छकू म्हणजे माझी नणंद. चांगली शिकलेली, लग्न झालेली, दोन गल्ल्या पलीकडे स्वतःचा संसार असलेली बाई. पण सासऱ्यांनी लहानपणी ठेवलेलं नाव काही सुटलं नाही. रोज सकाळी ती इथे कामाला येते. कामात ती माझ्या तोडीची आहे, म्हणूनच तिच्याशी भांडायला मजा येते.

आमचा कारखाना म्हणजे घराचा तळमजला. इथे बॅटरीवर चालणाऱ्या व्हीलचेअर तयार होतात. एका बाजूला माझा नवरा पाइप कापून, जोडून खुर्चीचा सांगाडा बनवतो. तिथला ग्राइंडर दिवसभर किंचाळत असतो. दुसऱ्या बाजूला मी आणि छकू मोटर चालवणारं सर्किट, म्हणजे कंट्रोलर बनवतो. मधल्या कोपऱ्यात, आमच्या मोजमापाच्या टेबलाजवळ नाना बसतात. नाना म्हणजे माझे सासरे. मोटरच्या तारा गुंडाळण्यात त्यांचं आयुष्य गेलं. मणक्याच्या दुखण्यात पाय गेले तरी हात राहिले, असं तेच म्हणतात आणि तार हातात घेतात.

ही खुर्ची नानांसाठी होती. म्हणून त्या दोन रेघांकडे सगळं घर डोळे लावून बसलं होतं.

आमच्या रस्त्याच्या टोकाला रेल्वेच्या रुळांवरून जाणारा पादचारी पूल आहे. त्याला पायऱ्या नाहीत, लांबलचक चढ आहे. पुलापलीकडे नानांचा जुना मित्र घड्याळं दुरुस्त करतो. पाय धड होते तोवर नाना रोज संध्याकाळी तिकडे जायचे आणि दोघे एकमेकांची उणीदुणी काढत बसायचे. पाय गेल्यावर, इथली खुर्ची बनायला वेळ लागणार म्हणून, आम्ही बाहेरून एक तयार खुर्ची आणली. पहिल्याच आठवड्यात ती चढाच्या मध्यावर तापून बंद पडली. अशा खुर्चीची वीज गेली की चाकांचे ब्रेक आपोआप आवळले जातात, म्हणजे ती घसरत नाही, पण हलतही नाही. दोन अनोळखी माणसांनी खटपट करून ब्रेक सोडवले आणि नानांना उलटं ओढत खाली आणलं. माणसं भली होती. घरी आल्यावर नाना एवढंच म्हणाले, "मी सामान नाही." त्यानंतर ते पुलाकडे फिरकले नाहीत. घड्याळजी कधीमधी इकडे येतात, पण त्यांचे गुडघेही आता रुसलेत.

नवी खुर्ची करायचं ठरलं तेव्हा नानांनी दोन अटी घातल्या. बैठक इतकी खाली हवी की पलंगावरून तिच्यात सरकताना कुणाचा हात लागू नये. आणि पूल कुणाच्या हाताशिवाय ओलांडता यावा.

इथेच घोडं पेंड खात होतं. ट्रान्झिस्टरची उष्णता पसरवायची तर त्याला अॅल्युमिनियमचा जाड पत्रा लावावा लागतो. पत्रा लावला की बैठकीखालचा कंट्रोलरचा डबा जाड होतो आणि बैठक उचलली जाते. छकूची निळी रेघ म्हणत होती, पत्र्याची गरजच नाही, काढून टाका. माझी लाल रेघ म्हणत होती, पत्रा काढलात तर नाना पुन्हा चढाच्या मध्यावर अडकतील.

आता हे मॉडेल प्रकरण काय आहे ते सांगते, नाहीतर आम्ही दोघी रेघांवरून का भांडतोय ते कळायचं नाही. सर्किट प्रत्यक्ष बनवण्याआधी आम्ही ते संगणकात चालवून बघतो, त्याला सिम्युलेशन म्हणतात. पण ट्रान्झिस्टर म्हणजे काय, हे संगणकाला कुठून ठाऊक असणार? ते आपण सांगायचं. एवढा करंट दिला की हा असा वागतो, तापला की तसा वागतो. ते सांगणं म्हणजे मॉडेल. एकाच ट्रान्झिस्टरची अनेक मॉडेलं असू शकतात, जशी एकाच माणसाबद्दल त्याच्या आईची आणि बायकोची मतं असतात.

सॉफ्टवेअरबरोबर फुकट येणारं मॉडेल आम्ही दोघींनी एकमताने मोडीत काढलं होतं. त्यातला ट्रान्झिस्टर कितीही राबवला तरी खोलीच्या तापमानालाच राहतो, त्याला कधी घाम येत नाही. बनवणाऱ्या कंपनीने दिलेलं मॉडेल चांगलं होतं, पण आमचा डबा कसा आहे हे त्याला माहीत नव्हतं. तेव्हा आम्ही दोघींनी आपापलं मॉडेल करायचं ठरवलं. ट्रान्झिस्टर तोच, जाळीचा डबा तोच, टेबल तेच. करंट सोडायचा, तापमान कसं चढतं ते मोजायचं आणि त्या आकड्यांवर मॉडेल बेतायचं. एकमेकींचं न बघता, अगदी परीक्षेसारखं. दोन्ही मॉडेलं जुळली म्हणजे निश्चिंत झालो, असा आमचा हिशेब होता. ती जुळली नाहीत.

"ठरलं का?" नानांनी चहाच्या वेळी विचारलं.

नवरा ग्राइंडर बंद करून आला होता. त्याच्या भुवयांवर लोखंडाची भुकटी बसली होती. "मला काय ते आज सांगा," तो म्हणाला. "फ्रेमला रंग दिलाय. पत्रा ठेवायचा असेल तर बैठक वर जाणार आणि नानांना उचलायला मी आहेच."

"तू आहेस म्हणूनच नको," नाना म्हणाले. मग माझ्याकडे वळून त्यांनी अगदी साध्या आवाजात विचारलं, "पत्रा काढता येईल ना गं?"

नानांनी माझ्याकडे आजवर काही मागितलेलं नव्हतं. हो म्हणायला माझं काय जात होतं? पण लाल रेघ माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

"नाही, नाना," मी म्हणाले. "माझं मॉडेल नाही म्हणतंय."

"आणि माझं हो म्हणतंय," छकू म्हणाली. "वहिनी, तुझ्या भीतीपायी नाना पलंगावरून उठायला जन्मभर दादाच्या तोंडाकडे बघणार."

"आणि तुझ्या हौसेपायी ते पुन्हा पुलावर अडकणार."

नवऱ्याने कप उचलले, म्हणजे प्रकरण हाताबाहेर गेलं होतं. एरवी तो स्वतःचा कपसुद्धा उचलत नाही.

मला या घरात इन्स्पेक्टर म्हणतात. लग्न होऊन आले आणि पहिल्यांदा त्या टेबलाशी मोजायला बसले, त्या दिवशी मी सगळ्यांना मोजमापाचे नियम ऐकवले होते. दार लावून घ्या, टेबलाला धक्का देऊ नका, असं बरंच काहीबाही. काय काय बोलले ते आता मला आठवतही नाही, पण नाव चिकटलं. नवरा तर शेजाऱ्यांसमोरही त्याच नावाने हाक मारतो. मला राग येत नाही. कामाच्या बाबतीत कुणीतरी कडक असावंच लागतं आणि ते कुणीतरी बहुतेक वेळा मीच असते.

तर इन्स्पेक्टरने तपास सुरू केला.

"आकडे बदलून बघू," मी छकूला म्हणाले. "तुझं मॉडेल माझ्या मोजमापावर लाव, माझं तुझ्या मोजमापावर लावते. जे दोन्हीकडे टिकेल ते खरं."

"आणि तुझं पडलं तर?"

"पडणार नाही."

ते पडलं. छकूच्या मोजमापावर माझं मॉडेल साफ तोंडावर आपटलं; तिचा ट्रान्झिस्टर जेवढा तापला होता त्यापेक्षा माझी रेघ कितीतरी वर जात होती. छकू हसायला लागली. मग आम्ही तिचं मॉडेल माझ्या आकड्यांवर लावलं, आणि तेही तसंच आपटलं, फक्त खालच्या बाजूला. तिचं हसू थांबलं.

मला मात्र त्याच क्षणी बरं वाटलं. दोन्ही मॉडेलं आपापल्या आकड्यांवर चपखल बसत होती आणि दुसरीच्या आकड्यांवर दोन्ही सारखीच फसत होती. याचा अर्थ मॉडेलांत खोट नव्हती. खोट मोजमापात होती. चूक कोणत्या खोलीत आहे ते कळलं की ती सापडायला वेळ लागत नाही, निदान मला तरी.

"पण टेबल एकच," छकू म्हणाली. "मीटर एकच. भिंतीवरचं थर्मामीटर मी प्रत्येक वेळी बघितलंय, खोलीचं तापमान तुझ्या वेळी होतं तेवढंच होतं."

"मग दोघींत फरक कशाचा?"

नवरा पाइपला रंग चोपडत होता. मान वर न करता म्हणाला, "बसणारीचा. बाकी सगळं सारखंच म्हणताय ना? मग ट्रान्झिस्टर माणूस ओळखतो."

तो थट्टा करत होता, पण मी थट्टेतलं कामाचं तेवढं उचलते. "ठीक आहे," मी म्हणाले. "आत्ताच्या आत्ता दोघी एकापाठोपाठ बसू. तोच ट्रान्झिस्टर, तोच करंट. आधी मी."

मी बसले. करंट सोडला आणि आकडे चढायला लागले, लाल रेघेच्या पावलावर पाऊल टाकत. माझ्यामागे नाना तार गुंडाळत होते. मी उठले तेव्हा त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. हे मला नवीन नव्हतं. मी मोजायला बसले की नानांना घाम फुटलेला असायचा. मला वाटायचं, नवी औषधं सोसत नाहीत. डॉक्टरांना दाखवा म्हणून मी त्यांच्यामागे भुणभुण लावली होती आणि ते दर वेळी "बघू" म्हणून विषय टाळायचे.

डबा पूर्ण थंड होऊ दिला. मग छकू बसली. मी दारात जाऊन उभी राहिले, कारण जवळ राहिले असते तर तिच्या खांद्यावरून डोकावल्याशिवाय मला राहवलं नसतं. नवऱ्याने ग्राइंडर सुरू केला. त्या आवाजात दुसरं काही ऐकू येणं शक्यच नव्हतं.

छकूने करंट सोडला. केस कानामागे सारले, कपाळ पुसलं. आणि तिच्या मागे नानांनी तारेवरून नजर न काढता शेजारी टेकवलेली आपली जुनी काठी उचलली.

नानांच्या कोपऱ्यात एक उंच जुना पंखा उभा असतो. तो दिवसभर चालू असतो, त्यामुळे तो आहे हे आम्ही कधीच विसरून गेलो होतो. नानांनी काठीची मूठ त्याच्या जाळीत अडकवली आणि पंख्याचं तोंड हळूच ओढून छकूकडे वळवलं. काठी खाली ठेवली आणि पुन्हा तार गुंडाळायला लागले. इतक्या सफाईने केलं की हात रोजचा आहे हे सांगायला नको. छकूच्या मानेवरचे केस उडायला लागले. तिच्या पुढ्यातल्या डब्याच्या जाळीतून तोच वारा आत शिरत होता, आणि आकडे निळ्या रेघेच्या वाटेने निघाले.

मी नवऱ्याच्या हाताला धरून ग्राइंडर बंद करवला.

"पंखा," मी म्हणाले.

छकूने मागे वळून बघितलं. आधी पंख्याकडे, मग डब्याकडे, मग पुन्हा पंख्याकडे. हुशार बाई आहे, मला पुढे काही बोलावं लागलं नाही. "अरे देवा," ती म्हणाली. "माझ्या मॉडेलमध्ये पंखा आहे."

"भिंतीवरच्या थर्मामीटरला वाऱ्याने काही होत नाही," मी म्हणाले. "तापलेल्या ट्रान्झिस्टरला होतं. खुर्चीच्या बैठकीखाली कुठला वारा?"

"पण मला कळलं कसं नाही? मानेवर वारा येतोय आणि मला कळत नाही?" ती स्वतःवरच चिडली होती. "इथे बसलं की वारा असतोच. शाळेचा अभ्यास करायला बसायचे तेव्हाही होता. मला वाटायचं, खिडकीतून येतो."

माझं मॉडेल खरं निघालं होतं. मला आनंद व्हायला हवा होता आणि जिभेवर दोन टोमणे तयार हवे होते. त्याऐवजी मी त्या पंख्याकडे बघत राहिले. इतकी वर्षं मी त्याच टेबलाशी बसत होते. माझ्या मानेवरचा केस कधी हलला नव्हता.

"नाना," मी विचारलं, "मी बसते तेव्हा या पंख्याचं तोंड कुठे असतं?"

"भिंतीकडे," नाना म्हणाले.

"म्हणजे लेकीला वारा आणि सुनेला भिंत."

बोलायला नको होतं, पण मला गोष्टी पोटात ठेवता येत नाहीत. वाईट वाटलं होतं आणि ते मी बोलून दाखवलं. छकू खाली बघायला लागली. नवरा काहीतरी सावरायला पुढे आला.

नानांनी तार बाजूला ठेवली. ते रागावले नव्हते, गोंधळले होते. "अगं, तूच सांगितलंस ना," ते म्हणाले.

"मी?"

"पहिल्या दिवशी. इथेच उभी होतीस. म्हणालीस, मी मोजायला बसले की मला वारा नको, वाऱ्याने आकडे खोटे येतात. सगळ्यांना दरडावून सांगितलंस. हा हसला," त्यांनी लेकाकडे बोट केलं, "आणि तुला इन्स्पेक्टर म्हणायला लागला. मी म्हटलं, पोरगी कामाची आहे, तिचं ऐकावं. तेव्हापासून तू बसलीस की मी फिरवतो तो भिंतीकडे."

"बंद का नाही करत मग?"

"बटण वर आहे. पाय गेल्यापासून माझा हात तिथे पोचत नाही."

मला एकदम त्यांचा पाठीला चिकटलेला सदरा दिसला. पंखा एरवी नानांच्या अंगावर असायचा. मी बसले की तो भिंतीकडे जायचा, म्हणजे माझ्याकडून नव्हे, नानांच्या अंगावरून काढून. मी तासन्‌तास मोजत बसायचे आणि ते माझ्या मागे उकडत बसायचे. आणि मी त्यांना डॉक्टरकडे पाठवत होते.

"मला सांगायचं तरी," मी म्हणाले.

"काय सांगायचं? थोडा घाम येतो. तुझे आकडे खरे आले पाहिजेत."

"आणि छकूला का नाही सांगितलंत, की वाऱ्याने आकडे बिघडतात?"

"तिने कधी नको म्हटलं नाही. उकडलं की चिडचिड करते ती, पाळण्यात होती तेव्हापासून. आपोआप हात जातो." नाना लेकीकडे बघून ओशाळं हसले. "तुझं गणित बिघडवलं का गं मी?"

"चांगलंच बिघडवलंत," छकू म्हणाली, आणि उठून तिने बापाच्या खांद्यावर डोकं टेकवलं.

मी चुकले होते, आणि कुठे चुकले ते या खेपेला इतरांनी मला दाखवलं होतं. असं वारंवार होत नाही. मी नानांसाठी पाण्याचा पेला भरून आणला, कारण दुसरं काय करावं ते मला सुचलं नाही. त्यांनी तो पिऊन टाकला आणि विचारलं, "मग पत्रा ठेवायचा?"

प्रश्न तिथेच होता. लाल रेघ खरी होती, म्हणजे पत्रा हवा, म्हणजे बैठक वर. नवऱ्याने रंगवलेल्या फ्रेमकडे शेवटचं बघावं तसं बघितलं.

तेव्हा छकूने डोकं वर केलं. "वहिनी, माझं मॉडेल चुकीचं नाहीये."

"पुन्हा सुरू?"

"ऐक तरी. पंखा असताना ट्रान्झिस्टर कसा वागतो, ते माझं मॉडेल अगदी बरोबर सांगतं. मग खुर्चीत पंखाच बसवू. संगणकात असतो तसला, तळहाताएवढा. डब्याच्या बाजूला. उंची वाढणार नाही."

मी विरोध करायला तोंड उघडलं. इन्स्पेक्टरने विरोध करावाच लागतो. "आणि पंखा बंद पडला तर? त्यात धूळ जाते, केस अडकतात. बंद पडला की नाना पुलावर..." बोलता बोलताच मला उत्तर दिसलं. "थांब. बंद पडला तर माझं मॉडेल लागू होतं."

"म्हणजे?"

"पंखा चालू असेल तर निळी रेघ, बंद असेल तर लाल. दोन्ही ठेवायची. लाल रेघ मर्यादेला टेकते कारण आपण पूर्ण वेगाने चढ चढतोय. कंट्रोलरला सांगायचं, तापायला लागलास की बंद पडू नकोस, करंट कमी कर. हळू चाल, पण चाल."

छकू तोवर खुर्ची ओढून संगणकाशी पोचलीसुद्धा होती. आम्ही दोघींनी एकाच सर्किटमध्ये आळीपाळीने दोन्ही मॉडेलं लावली. निळं लावलं की खुर्ची ऐटीत चढ चढून जायची. लाल लावलं की मध्यावर तिचा वेग पडायचा, पण रेघ तुटक रेषेच्या खालीच थबकायची आणि खुर्ची रांगत का होईना माथ्यावर पोचायची. करंट किती कमी करायचा यावरून आम्ही पुन्हा भांडलो. नवऱ्याने डब्याच्या बाजूला पंख्यापुरती खिडकी कापली आणि रंग खरवडला गेला म्हणून तोंडातल्या तोंडात आम्हा दोघींचा उद्धार केला. बसवलेल्या पंख्यावर आम्ही सगळं नव्याने मोजलं. त्या वेळी कोपऱ्यातल्या मोठ्या पंख्याचं बटण मी स्वतः बंद केलं, आणि मोजून झाल्याबरोबर चालूही केलं.

खुर्ची तयार झाली त्या दिवशी नाना पलंगावरून एकटेच तिच्यात सरकले. नवरा हात पाठीमागे बांधून उभा होता, नाहीतर ते पुढे गेले असते. नानांनी हातांच्या जोरावर बैठकीवर दोनदा नुसतं वर-खाली होऊन बघितलं आणि म्हणाले, "चला, पूल बघू."

संध्याकाळचं ऊन रुळांवर तिरपं पडलं होतं. आम्ही तिघं त्यांच्यामागून पुलाच्या पायथ्याशी गेलो. नानांनी खुर्ची थांबवली आणि मला बोटाने जवळ बोलावलं.

"तो पंखा काढ," ते म्हणाले.

"काय?"

"तार काढ त्याची. बंद पडला तरी खुर्ची चढते, असं तू म्हणालीस ना?"

"म्हणाले."

"मग तेच बघायचंय मला. पंखा असताना कुणीही चढेल."

"नाना, उगाच काहीतरी करू नका," छकू म्हणाली. "आज पहिला दिवस आहे. पंखा लावून जा, बाकीचं उद्या आम्ही खुर्चीवर दगड ठेवून तपासू."

नानांनी तिच्याकडे बघितलंच नाही. ते माझ्याकडे बघत होते. "तुझं मॉडेल काय म्हणतं?"

ज्या चढावरून या माणसाला उलटं ओढत आणलं होतं, तोच चढ समोर होता. पुन्हा अडकले असते तर नाना घराबाहेर पडले नसते, आणि मी त्या टेबलाशी पुन्हा बसले नसते. पण दोन्ही मॉडेलं मी उलटीपालटी करून तपासली होती आणि माझी लाल रेघ भिंतीकडे तोंड केलेल्या पंख्याने घडवली होती. तिच्यात काहीही फुकटचं नव्हतं.

"चढते म्हणतं," मी म्हणाले. खाली वाकून पंख्याची तार उपटली आणि ती नानांच्या हातात दिली. "पलीकडे पोचलात की येताना लावा."

त्यांनी ती सदऱ्याच्या खिशात टाकली आणि निघाले.

पहिला अर्धा चढ खुर्ची दिमाखात गेली. मध्यावर, नेमक्या त्या जागी, तिचा वेग पडला. छकूने माझं मनगट धरलं आणि तिची नखं मला रुतली. खुर्ची थांबली नाही. चालणारी माणसं तिला ओलांडून जायला लागली. एक तरुण मुलगी थांबली, तिने खुर्चीच्या पाठीला हात लावायला म्हणून हात पुढे केला. नानांनी काठी आडवी केली आणि मान हलवली. मुलगी हसून पुढे गेली. खुर्ची रांगत राहिली, रांगत राहिली, आणि माथ्यावर जाऊन पलीकडच्या उतारावर दिसेनाशी झाली. नानांनी एकदाही मागे वळून बघितलं नाही.

"चढली," नवरा म्हणाला. "इन्स्पेक्टर, चढली."

"मग, चढणारच होती," मी म्हणाले आणि छकूच्या हातातून मनगट सोडवून घेतलं.

आम्ही कारखान्यात येऊन वाट बघत बसलो. नाना परतले तेव्हा दिवे लागले होते. घड्याळजींनी त्यांना पुष्कळ टोचलं असावं आणि त्यांनी ते सव्याज परत केलं असावं, कारण चेहरा नुसता फुलला होता. छकू आधी डब्याकडे धावली. पंख्याच्या तारेची जागा रिकामीच होती.

"येताना तरी तार लावायची होती ना," ती ओरडली. "पलीकडचा चढही तेवढाच आहे."

नानांनी खिशातून तार काढली आणि टेबलावर ठेवली. "इन्स्पेक्टरचं मोजमाप चालू होतं," ते म्हणाले. "त्यात वारा चालत नाही."

कंट्रोलरने जाता-येताचे सगळे आकडे साठवून ठेवले होते आणि ते बघायला माझे हात शिवशिवत होते. पण नाना आपल्या कोपऱ्याकडे वळले तेव्हा त्यांचा सदरा पाठीला चिकटलेला दिसला. मी आधी जाऊन पंख्याचं तोंड त्यांच्याकडे फिरवलं आणि मग आकडे बघायला बसले.